नखाएवढ्या जागेत हर्णे बंदर

प्रिय सई,

तुझा मेसेज वाचला. हर्णे बंदरातल्या लिलावाचं चित्र पूर्ण करून तू ते साइटवर टाकलंस, पण ते उघडून बघणारे मोजकेच निघाले. शेवटी तू लिहिलं आहेस, ‘चित्रात दम असेल तर लोक येतील, थंबनेल सजवत बसणं हे चित्रकाराचं काम नाही.’ ते मला मुळीच पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुझ्यासारखी कितीतरी मुलं-मुली टॅब्लेटवर रात्र-रात्र जागून चित्रं काढतात आणि त्यांचीही हीच तक्रार असते. त्यांनाही वाचता यावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

चित्रात दम आहेच. मी ते मोठ्या स्क्रीनवर कोपरा न् कोपरा झूम करून पाहिलं. ओल्या वाळूवरचं उतरतं ऊन, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, मासळीने भरलेल्या बैलगाड्या, टोपल्यांभोवती पडलेली कोंडाळी आणि मागे समुद्रात सुवर्णदुर्ग. शंभराच्या वर माणसं आहेत आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. पण मला हे दिसलं, कारण मी तुझी मावशी आहे. मी चित्र उघडणारच होते. अनोळखी माणसाला आधी दिसतो तो एक लहानसा चौकोन, तोही इतरांच्या पंचवीस चौकोनांच्या गर्दीत.

त्या चौकोनात तुझ्या चित्राचं काय होतं ते बघ. तुझी फाइल ४००० बाय ५००० पिक्सेलची, म्हणजे दोन कोटी पिक्सेल. थंबनेल २०० बाय २५० चं धरलं तर त्यात मावतात पन्नास हजार. म्हणजे तुझ्या चारशे पिक्सेलना मिळून तिथे एकच पिक्सेल येतो, आणि साधारणपणे त्या चारशेंच्या सरासरीचा रंग त्याला मिळतो. जाळ्यांचे दोर त्या सरासरीत नाहीसे होतात. चेहरे वाळूच्या रंगात बुडतात. लाल-पिवळ्या लुगड्यांचे ठिपके शेजारच्या रंगांत मिसळून मातकट होतात. शेवटी उरतो वर निळसर पट्टा आणि खाली तपकिरी पट्टा. यात चित्राचा दोष काहीच नाही. ते तू जवळ जाऊन, एकेका माणसापाशी थांबून बघण्यासाठी काढलं आहेस. म्हणूनच अख्खं चित्र लहान करून लावलं की त्याच्यावर अन्याय होतो.

मग कुठला तुकडा घ्यायचा? मी तुझ्या फाइलमधून तीन क्रॉप काढले आणि शेजारी शेजारी लावून पाहिले. पहिला सुवर्णदुर्ग आणि मावळतीच्या आभाळाचा. देखणेपणात तोच सरस, पण किल्ला, समुद्र आणि केशरी आभाळ कोकणच्या असंख्य चित्रांत असतं, आणि तुझं चित्र किल्ल्याचं नाहीच. दुसरा बैलगाडीचा. आकार ठसठशीत, लगेच ओळखू येतो, पण त्यात लिलावाचा मागमूस नाही. तिसरा डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातला. टोपलीवर वाकलेली बाई, तिचा वर गेलेला हात, टोपलीतल्या सुरमईच्या पाठीवर पडलेली उन्हाची पट्टी आणि कडेने आत घुसलेले बोली लावणाऱ्यांचे खांदे. लावायचा तर हाच. हात वर गेला आहे, पण बोली कितीवर आली, मासा कुणाला जाणार, ती बाई विकते आहे की घेते आहे, हे त्या तुकड्यात कळत नाही. कळून घ्यायचं तर चित्र उघडावं लागतं. थंबनेल निवडताना चित्रातली सगळ्यात सुंदर जागा शोधू नकोस. विषय जिथे सुरू होतो, पण पुरा होत नाही, ती जागा शोध.

हा तुकडा निवडायला दुसरंही कारण आहे, उजेडाचं. तिथली वाळू सावलीत आहे, माणसं गडद आहेत आणि मासा चकाकतो आहे. लहान आकारात रंगाआधी हा गडद-फिक्याचा फरकच डोळ्याला कळतो. क्रॉप थंबनेलएवढा लहान कर, ग्रेस्केल कर आणि फोन हातभर लांब धरून बघ. काय आहे ते तरीही ओळखू आलं, तर रंगात ते नक्की उठेल. व्हर्मीरचं मोत्याचं कानातलं घातलेल्या मुलीचं चित्र आठव. मूळ चित्र जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचं, १६६५ च्या सुमाराचं. काळोखी पार्श्वभूमी, वळलेला उजळ चेहरा आणि मोत्यावरचा पांढरा ठिपका. ते कितीही लहान केलं तरी हरवत नाही.

अगदी अलीकडचा, तुझ्याच पिढीच्या चित्रकारांचा दाखलाही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये यंत्राने बनवलेल्या चित्रांच्या विरोधात आर्टस्टेशन या साइटवरच्या चित्रकारांनी आपापल्या पानावर एकच चित्र चढवलं. ‘एआय’ ही अक्षरं आणि त्यांच्यावर लाल वर्तुळात तिरपी मारलेली रेघ. साइटच्या मुख्य पानावर त्याच चौकोनांच्या रांगा लागल्या. कुणालाही क्लिक करावं लागलं नाही. इतक्याशा जागेत एकच गोष्ट ठामपणे सांगितली तर ती किती लांब पोचते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

तू म्हणशील, हे सगळं जाहिरातवाल्यांचं शास्त्र झालं. पण आपल्याकडे हे काम थोर चित्रकारांनी मनापासून केलेलं आहे. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. रघुवीर मुळगावकरांचा ‘रत्नप्रभा’ होता. दोघेही गोव्याचे, दोघांचाही हात सिद्ध. दिवाळीच्या तोंडावर बुकस्टॉलवर दोरीला लटकलेल्या पन्नास अंकांमधून रस्त्यावरच्या माणसाची नजर आपल्या अंकावर थांबवायची, हे त्यांच्या मुखपृष्ठाचं काम होतं. तुझं थंबनेल आज त्याच दोरीला लटकलेलं असतं. दलालांनी मुखपृष्ठ हे हलकं काम मानलं नाही. आतल्या चित्रांइतकाच जीव त्यांनी तिथे ओतला, आणि त्या मुखपृष्ठांनी घराघरांत लोकांना चित्र बघायची सवय लावली. ज्यांनी कधी प्रदर्शनाची पायरी चढली नाही, त्यांच्या भिंतींवर मुळगावकरांच्या देवादिकांची कॅलेंडरं होती. लोकांपर्यंत जाण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, तो तुलाही वाटू नये.

आता कामाच्या दोन गोष्टी. प्रत्येक ठिकाणची चौकट वेगळी असते, म्हणून एकच क्रॉप सगळीकडे चालत नाही. आर्टस्टेशनला चौरस लागतो. बिहान्सच्या कव्हरचं माप ८०८ बाय ६३२. यूट्यूबवर चित्र रंगवतानाचा व्हिडिओ टाकलास तर १२८० बाय ७२०, आणि तिथे उजव्या खालच्या कोपऱ्यावर व्हिडिओची वेळ छापली जाते, तेव्हा नेमका मासा त्या कोपऱ्यात ठेवू नकोस. इन्स्टाग्राम आधी फक्त चौरस घेत असे, २०१५ मध्ये आडवी-उभी चित्रं चालू झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलवरचे चौरसच उभे झाले. ज्यांनी कडेला चिकटून मांडणी केली होती, त्यांची चित्रं भलतीकडे कापली गेली. तेव्हा महत्त्वाचा भाग मध्याजवळ ठेव आणि चारी बाजूंना थोडी जागा सोड. लहान केल्यावर किंचित शार्पन कर आणि फाइल एसआरजीबीमध्येच निर्यात कर, नाहीतर रंग फिके पडायची भीती असते.

आणि क्रॉप यंत्रावर सोडू नकोस. ट्विटरने २०१८ पासून चित्राचा कुठला भाग दाखवायचा हे न्यूरल नेटवर्ककडे दिलं होतं. २०२० मध्ये लोकांनी दाखवून दिलं, की एकाच चित्रात गोरा आणि काळा चेहरा असेल तर यंत्राचा कल बऱ्याचदा गोऱ्याकडे जातो. कंपनीने स्वतः तपासणी केली, असा कल असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं आणि क्रॉप कुठे करायचा ते माणसानेच ठरवणं बरं, असं मान्यही केलं. तुझ्या चित्रातल्या उन्हाने रापलेल्या शंभर माणसांपैकी कुणाला पुढे आणायचं, हा निर्णय तुझाच असला पाहिजे.

एक मोह मात्र टाळ. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं होतं, की त्यांचा प्रेक्षक एकेका नावावर सरासरी १.८ सेकंद थांबतो. असे आकडे वाचले की माणसं घायकुतीला येतात. चित्रात नसलेलं रक्त, नसलेली उघडी पाठ, लाल बाण, मोठाली अक्षरं, सगळं थंबनेलमध्ये कोंबतात. क्लिक मिळतो, पण आलेला माणूस फसवला गेलेला असतो आणि तुझं नाव दिसलं की पुढच्या वेळी तो सरळ स्क्रोल करतो. थंबनेलमध्ये जे दाखवशील, ते चित्रात तसंच सापडलं पाहिजे. उजेड थोडा वाढव, कडा थोड्या साफ कर, त्याला माझी हरकत नाही. चित्रात नाही ते आणू नकोस.

सगळ्यात महत्त्वाचं ते आता सांगते. थंबनेल चांगलं दिसावं म्हणून चित्र बदलू नकोस. पुढच्या वेळी ब्रश हातात घेताना ‘लहान आकारात शंभर माणसं दिसत नाहीत, तर एकच मोठा चेहरा काढू’ असं मनात आलं, तर तो विचार तिथेच थांबव. आज साइटवर मधोमध एक चेहरा आणि मागे झगमगाट असलेल्या चित्रांची रांग आहे. ती चौकोनासाठीच काढलेली वाटतात आणि उघडल्यावर चौकोनापेक्षा जास्त काही देत नाहीत. तुझ्याकडे देण्यासारखं खूप आहे. हर्ण्याची ती गर्दी, ते दोर, चेहरे, सगळं तसंच राहू दे. आधी चित्र तुझ्या मनासारखं पुरं कर आणि मग वेगळ्या बैठकीत, ताज्या डोळ्यांनी, त्याचा क्रॉप निवड.

तेव्हा थंबनेल बदल. तिसरा क्रॉप चौरस आणि उभा, दोन्ही मापांत करून मला पाठव. आठवडाभर तो ठेव आणि फरक बघ. नाही पडला, तर दुसरी जागा शोधू. चित्र मोठं आहे, जागा पुष्कळ आहेत. हात वर केलेल्या त्या बाईसाठी तू इतके दिवस खपलीस. लोकांची तिच्याशी गाठ घालून देणं हेही तुझंच काम आहे.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी