आधी बघ, मग हुंग, मग घोट

नाशिकला आमचं जाणं व्हायचं ते देवासाठी. पंचवटी, काळाराम, त्र्यंबकेश्वर आणि रात्रीच्या बसने परत बेळगाव. यंदा फेब्रुवारीत मात्र मी भाचीकडे गेले. गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत ती नोकरी करते. पाहुण्यांना वाइन चाखायला द्यायची आणि समजावून सांगायची, हे तिचं काम. निघताना अक्काने शेंगाचटणीचा डबा आणि कुंदा हातात दिला; स्वतः काही आली नाही. भावोजींना दारूनेच नेलं. "बापाला खाल्लं त्याच्यावरच पोरगी जेवते," एवढंच बोलली आणि आत गेली.

आपल्याकडे अथणी-विजापूरकडे द्राक्ष म्हणजे बेदाणा. इथली द्राक्षं बघून मला नवल वाटलं. मणी बारीक, आत बिया. ही जात 'सॉव्हिन्यॉ ब्लाँ', मूळ फ्रान्सची. राजीव सामंत यांच्या 'सुला'ने नाशिकला तिची लागवड केली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. त्यानंतर इतरांनीही ती लावली.

भाचीने माझ्यापुढे ग्लास ठेवला. "मावशी, दांडीला धर. हाताची ऊब लागली की चव बिघडते. ही आठ-दहा अंशांवर गारच प्यायची. आधी बघ, मग हुंग, मग घोट."

रंग फिकट, किंचित हिरवट. ग्लास फिरवून नाकाशी नेला, तर लिंबाची साल, पेरू, कापलेलं गवत आणि चक्क ढबू मिरची! मला हसूच आलं. "हसू नको," ती म्हणाली, "ढबू मिरचीला ज्या द्रव्याने वास येतो, तेच या द्राक्षातही असतं." घोट घेतला तशी गालांत कळ आली, कैरी खाल्ल्यासारखी. इथल्या हिवाळ्यात रात्री गार असतात, म्हणून द्राक्षातलं आम्ल टिकतं. तोडणीला उशीर झाला तर साखर वाढते, आंबटपणा उतरतो. पुढे स्टीलच्या टाक्यांत थंडाव्यातच रस आंबवतात, म्हणजे वास उडून जात नाही.

सांगता सांगता तिनेही घोट घेतला, तोंडात घोळवला आणि बाजूच्या भांड्यात थुंकला. मी बघतच राहिले.

"दिवसभर चाखावं लागतं गं. गिळलं तर काम कसं होणार? आणि मावशी, आईला वाइन वेगळी नि दारू वेगळी असं सांगू नकोस. हिच्यातही बारा-तेरा टक्के अल्कोहोल आहेच. मी विसरलेली नाही."

संध्याकाळी तिच्या खोलीवर आम्ही अक्काचा डबा उघडला. कुंद्यावर घोट घेतला तर वाइन निव्वळ आंबट लागली. जेवणातलं गोड वाइनपेक्षा जास्त झालं की असंच होतं म्हणे. शेंगाचटणीवर घेतला तर तिखट दुप्पट झोंबलं. मग मी भिजवलेली मूगडाळ, काकडी, ओलं खोबरं, कोथिंबीर घेतली आणि वर लिंबू पिळलं. सासूबाई कन्नड, त्या हिला कोसंबरी म्हणतात, मी कोशिंबीर. नाव काही घ्या, जोडी मात्र जमली! भाचीने मग सोपा नियम सांगितला : ज्या पदार्थावर आपण लिंबू पिळतो, तो हिच्यासोबत चालतो. तळलेला मासा, काकडी-टोमॅटो, ताजं पनीर. लाल रस्सा, एण्णेगाई यांच्यापुढे ही बिचारी दबून जाते.

ग्लास अर्धा राहिला. "साकु," मी म्हटलं. तिने तो हसत बेसिनमध्ये ओतला.

बेळगावला परतले तेव्हा अक्का दारातच उभी होती. चहासुद्धा विचारला नाही.

"पिते का गं ती?"

"थुंकते," मी म्हटलं, आणि पाहिलं तसं सगळं सांगितलं, अगदी बेसिनपर्यंत. ती ऐकत राहिली. मग डबा घेऊन आत गेली. भांडी घासताना तिचा आवाज आला.

"त्र्यंबकेश्वराला जाऊन किती वर्षं झाली गं आपल्याला?"