सगळं एकाच सॅकमध्ये

आमचं हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं, हे मला नोकरीला लागून चार वर्षं झाल्यावर कळलं. आठवड्याचे पाच दिवस मुळशीतच काढायचे आणि रविवारी "जरा मुळशीला जाऊन येतो" म्हणून निघायचं! असो.

तर गेल्या पावसाळ्यातला रविवार. मित्रांनी नेहमीप्रमाणे आयत्या वेळी टांग दिली, म्हणून एकट्यानेच बाइक काढली. चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीत पोचलो. पाऊस मी म्हणत होता. एका धबधब्यापाशी थांबलो. फोन भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये टाकला. पाकीट, लायसन्स, गाडीचे कागद, घराची किल्ली आधीच तिथे होती. सॅक सीटला इलॅस्टिकच्या दोरीने बांधली आणि पन्नासेक पावलं आत गेलो. फार तर दहा मिनिटं. परत येतो तर दोरी लोंबकळतेय, सॅक गायब!

चौघं असलो की एक जण कुरकुरत का होईना सामानापाशी थांबतो. एकट्याने फिरताना तो माणूस नसतो. एवढा साधा हिशोब मी केलाच नव्हता.

आधी फोनचं वाईट वाटलं. हप्ते चालू होते ना! चाचपडत पुढच्या टपरीवर गेलो. चहावाल्या मावशींनी सगळं ऐकून स्वतःचा फोन पुढे केला. "बघा लागतोय का, इथं रेंज येती-जाती." फोन हातात घेतला आणि बोटं तशीच थांबली. आईचा नंबर काय? माझ्या फोनमध्ये ती नुसती 'आई' होती, आकडे कधी बघितलेच नव्हते. पाठ होता तो एकच नंबर, लहानपणच्या घरातल्या लँडलाइनचा. ते कनेक्शन काढून कैक वर्षं झाली...

ऑफिसात ज्युनिअर मंडळींना मीच शिकवतो, की एक सर्व्हर बसला म्हणून सगळी सिस्टीम बसता कामा नये. आणि माझी अख्खी सिस्टीम एका काळ्या सॅकमध्ये!

मावशींनी पेट्रोलला शंभराची नोट दिली. वाटेत पोलिसांत तक्रार नोंदवून घरी पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. आई दारातच उभी होती. दुपारपासून फोन लावत होती. घाटातल्या अपघातांच्या बातम्या तीही वाचते. "बंद येत होता रे," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन ताट वाढायला लागली. ताट ठेवताना तिचा हात थरथरत होता. फोनच्या हप्त्यांचं दुःख तिथेच संपलं.

माझी आजी वारीला जायची तेव्हा थोडे पैसे कनवटीला, थोडे चंचीत आणि थोडे कपड्यांच्या गाठोड्यात तळाशी ठेवायची. बॅकअप म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आता मी तिचंच ऐकतो. थोडी रोकड आणि एक कार्ड कायम अंगावर, सॅकमध्ये नाही. घाटात रेंज गेली की यूपीआयचा काही उपयोग नसतो. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये आहेतच, त्यामुळे मूळ कागद घरी राहिले तरी चालतं.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. फोनला कितीही भारी लॉक लावा, चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि तुमचे ओटीपी त्याला येतात. म्हणून सिमलाही पिन लावा. कंपनीचा मूळ पिन माहीत नसेल तर अंदाज मारू नका, तीन चुका झाल्या की पीयूके मागतो. आणि *#06# दाबून आयएमईआय नंबर आजच वहीत लिहून ठेवा. 2023 पासून 'संचार साथी'वर तक्रारीची प्रत जोडून चोरीला गेलेला हँडसेट देशभर ब्लॉक करता येतो, पण त्यासाठी हा नंबर हाताशी हवा. आधी सिम आणि बँक बंद करा, मग बाकीचं. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच 1930.

पुढच्या महिन्यात मावशींचे शंभर परत करायला गेलो. जाताना पुन्हा एकटाच होतो. "आता आईचा नंबर येतो का?" त्यांनी हसत विचारलं. मी घडाघडा म्हणून दाखवला.

तुम्हाला किती येतात? फोन न बघता सांगायचं हं!