अंगण घेऊन निघालेली

आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरची पहिली नोकरी बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीतली. शिफ्टच्या कामगारांना पहाटे गेटवर पोचवायचं आणि रात्रपाळीवाल्यांना पेंगत्या डोळ्यांनी घरी सोडायचं, हे काम तिने कितीतरी वर्षं केलं. त्या दिवसांची खूण अजून तिच्या अंगावर आहे. दाराशेजारच्या उभ्या दांडीचा रंग हातांनी घासून घासून पार उडालाय, आतलं लोखंड गुळगुळीत झालंय. आता तीच दांडी धरून, आधी उजवा पाय मग डावा, अशी आमची आजी गाडीत चढते. मागून कुणी हात लावलेला तिला खपत नाही. दांडी पुरते, म्हणते.

गाडीचं कुळ मोठं आहे. पुण्याच्या बजाज टेम्पोने 1969 मध्ये मॅटाडोर आणली, आणि 1987 मध्ये मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनवरून ट्रॅव्हलर. 2005 मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, लोकांच्या तोंडी मात्र टेम्पो ट्रॅव्हलरच राहिलं. जर्मनीत त्याच टी-1वर घरगाड्या बांधल्या गेल्या आणि कुटुंबंच्या कुटुंबं त्यांतून डोंगराकडे निघाली. त्यामुळे आमच्या मिस्त्रीने मागच्या सीटा काढून तिथे प्लायवूडचा रुंद पलंग ठोकला, तेव्हा तिच्यावर काही जबरदस्ती झाली असं मला वाटत नाही. पलंगाखाली भांडी, अंथरुणं आणि पाण्याची टाकी. दिवे-पंख्यासाठी वेगळी बॅटरी. एका कोपऱ्यात पडदा आणि त्यामागे घडीचा कमोड. सीटा कमी केल्याची नोंद आरसी बुकात करून घेतली, कारण हा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण बडोद्यातल्या आमच्यासारख्यांच्या घरगाड्या अशाच गॅरेजात, मिस्त्रीशी हुज्जत घालत तयार झाल्या.

त्या पडद्यामागच्या कोपऱ्याबद्दल मला सविस्तर बोलायचंय. आमच्या घरात जंगल ही पुरुषांची मिरास होती. काका आणि त्यांचे मित्र मोटरसायकलींवर जांबुघोड्याला जायचे, झाडाखाली झोपायचे, परत येऊन अस्वलाच्या गोष्टी सांगायचे. बायका त्या गोष्टी पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या. ‘तुम्हीही चला’ असं त्यांना म्हटलं जायचंच, नाही असं नाही. पण रात्री जायचं कुठे, कपडे बदलायचे कुठे, तान्ह्या मुलाला पाजायचं कुठे, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ते कुणी शोधलंही नाही. या गाडीने ते एका पडद्यात देऊन टाकलं. वहिनी पहिल्यांदा आली तेव्हा भाची जेमतेम चार महिन्यांची होती. गुडघ्यांमुळे पावागडची पायरी सोडून दिलेल्या आजीने त्याच खेपेला आयुष्यातली पहिली रात्र जंगलात काढली. जांबुघोडा बडोद्याहून सुमारे 70 किलोमीटर. आजीला ते अंतर कापायला सगळं आयुष्य लागलं, याची मला आजही चुटपुट लागते.

रस्ता हालोलवरून. उजवीकडे पावागड बराच वेळ सोबत करतो, मग मँगनीजच्या खाणींचं शिवराजपूर, आणि त्यापुढे सागाची झाडं रस्त्याच्या जवळ जवळ येत जातात. शहरात ही गाडी जरा अवघडलेली असते. रावपुऱ्यात वळताना तर तिला स्कूटरवाल्यांची बोलणीही खावी लागतात. शिवराजपूर सुटलं की तिची चाल बदलते. चढ आला की ती दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे, एका सुरात चढत राहते. घाई केलेली तिला चालत नाही. रेटली तर तापमानाचा काटा लगेच वर सरकतो. काकांसारख्या उतावळ्या माणसालाही तिने सबुरी शिकवलीय.

1990 मध्ये अभयारण्य झालेलं हे जंगल सुमारे 130 चौरस किलोमीटरचं. साग, बांबू आणि मोह. इथे बिबळ्या आहे, अस्वल आहे. वनखात्याची परवानगी काढून त्यांनी दाखवलेल्या आवारातच मुक्काम करायचा. जागा मिळाली की पहिलं काम गाडी समतल करायचं, आणि ते काम आजीचं. पलंगावर स्टीलचं ताट ठेवून ती त्यात थोडं पाणी ओतते. पाणी एका कडेला जमलं की खिडकीतून हुकूम सुटतो, ‘मागचं डावं उचल.’ मग चपटे दगड शोधायचे, चाकापुढे मांडायचे, गाडी इंचाइंचाने त्यांच्यावर चढवायची. पाणी ताटभर सारखं पसरेपर्यंत आजी कुणालाही बसू देत नाही.

मग टपावरची ताडपत्री खाली येते. दोन बांबूंवर ती ताणली, खाली सतरंजी पडली की अंगण तयार. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांना अंगणं होती; गायकवाडांबरोबर आलेल्या कितीतरी मराठी घरांचं अर्धं आयुष्य त्या अंगणांत गेलं. आता आम्ही सगळे गोत्री-वासणाकडच्या फ्लॅटांत राहतो. म्हणून ताडपत्रीखाली शेगडीवर पिठलं रटरटत असताना, पोरं लीलो चेवड्याच्या पुडीवरून भांडत असताना, आजी गाडीच्या पायरीवर पाय सोडून बसते आणि न विचारता जुन्या गोष्टी सांगू लागते. फ्लॅटच्या सोफ्यावर तिला त्या आठवत नाहीत.

फाल्गुन-चैत्रात मोहाखाली मात्र गाडी कधी लावायची नाही. फुलं पहाटे गळतात. मांसल, पिवळट, उग्र गोड वासाची. उजाडायच्या आत राठवा आदिवासी बायका टोपल्या घेऊन येतात. कोणत्या झाडाखालचं कुणी वेचायचं हे गावाचं आपसांत ठरलेलं असतं, आणि खालची जमीन त्यांनी आधीच झाडून साफ केलेली असते. तिथे टायर फिरवणं म्हणजे कुणाच्या तरी खळ्यावरून गाडी नेणं. शिवाय फुलांवर अस्वलाचाही डोळा असतो. आम्ही लांब, सागाखाली थांबतो. सागाची पानं तोवर गळालेली असतात, सावली नसते, गाडी दुपारी तापते. तापू दे.

रात्री तिच्या सरकत्या दाराचा आवाज हा आमचा पहारा. ते एवढ्या मोठ्याने खरखरतं की कुणी उघडलं तर सगळे जागे होतात. मिस्त्री रुळाला ग्रीस लावू म्हणाला, आईने लावू दिलं नाही. बिबळ्याच्या जंगलात एखादं पोर झोपेत उतरून जाणार नाही याची तेवढी तरी खात्री.

परतल्यावर गाडीची सेवा असते. टाकी पूर्ण रिकामी करायची, नाहीतर पाण्याला वास येतो. गाद्या गच्चीवर उन्हात. कचऱ्याची पिशवी मागच्या शिडीला बांधून बडोद्यापर्यंत आणलेली असते, ती सोडायची. टायरांच्या खाचांतले खडे पोरं स्क्रू ड्रायव्हरने काढतात, त्यावरून पुन्हा भांडतात.

पुढच्या खेपेला रतनमहालला जायचं ठरतंय. ते 1982 पासून अस्वलांचं अभयारण्य. डोंगर जांबुघोड्यापेक्षा उंच आणि कंजेट्याकडचे चढ अंगावर येणारे. मिस्त्रीने क्लचप्लेट बदलून घ्यायला सांगितलंय. आजीने पलंगाच्या भिंतीला आणखी एक दांडी मागितलीय, रात्री उठताना धरायला. दांडी जुन्या सीटांच्या लोखंडाचीच करायची आहे; ते मिस्त्रीने जपून ठेवलंय.