थांबण्याचे अंतर

येडगावचा एक व्यापारी तरुण मुलाच्या हट्टाखातर पुण्यास गेला. दोन दारांची वेगवान स्पोर्ट्‌स कार मुलाने चालवून पाहण्यास घेतली. विक्रेता शेजारी बसला. वडील मागच्या अरुंद आसनावर अंग चोरून बसले. मोकळ्या रस्त्यावर काटा ताशी 100 किलोमीटरवर गेला, म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर! मुलगा हरखला. वडिलांनी एवढेच विचारले, "थांबते किती अंतरात?"

"शेठजी, वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबण्यास चौपट अंतर लागते."

परतीच्या वाटेवर दोघेही अबोल होते. येडगाव धरणाचे पाणी दिसू लागले, तेव्हा मुलगाच हळूच म्हणाला, "बाबा, दुकान वाढवण्यासाठी कर्ज काढायचे आहे ना, ते निम्मेच काढू या."