बदकांची नाव

समुद्रापासून इतक्या दूर, धारानगरीत राज्य करणाऱ्या भोजाच्या नावावर नौकाबांधणीची चर्चा करणारा ग्रंथ मोडावा, याचे कोकणातून माळव्यात आलेल्या आमच्यासारख्या घराण्याला मोठे कौतुक वाटत आले आहे. ‘युक्तिकल्पतरु’ हा तो ग्रंथ. त्यात नावांचे प्रकार आहेत, मापे आहेत आणि लाकडाचे चार वर्णही आहेत. हलके व मऊ ते ब्राह्मण, हलके पण कठीण ते क्षत्रिय, मऊ पण जड ते वैश्य, जड आणि कठीण ते शूद्र. नावेला क्षत्रिय लाकूड उत्तम, आणि दोन वर्णांची लाकडे एका नावेत जोडू नयेत. अशी नाव पाण्यात लवकर कुजते आणि थोड्या धक्क्याने फुटते, असे ग्रंथकाराचे मत आहे. वर्णसंकराचे भय सुताराच्या कामापर्यंत पोचलेले पाहून आजचा वाचक हसेल, आणि हसण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

परंतु आमच्या वाड्यातील जुनी नाव दुरुस्तीला काढली तेव्हा धारच्या एका वृद्ध सुतारांनी मला हाच नियम सांगितला. भोजाचा ग्रंथ त्यांनी पाहिलेला नव्हता. नावेचा तळ सागाचा. दोन फळ्या कुजलेल्या. सागाचा भाव ऐकून मी आंब्याच्या फळ्या सुचवल्या. त्यांनी मान हलवली. आंबा पाणी पिऊन अधिक फुगतो, साग कमी. उन्हाळ्यात दोन्ही आपापल्या परीने आक्रसतात आणि सांधा उघडतो. यात वर्ण कोठेच नव्हता, होते ते केवळ लाकडाचे वागणे. कोणा पंडिताने असेच एखाद्या सुताराकडून ऐकून त्यावर शास्त्राची झूल चढवली असावी, असा माझा तर्क आहे. पुरावा मात्र विचारू नये.

ही नाव पणजोबांची. ते धार संस्थानच्या नोकरीत होते आणि हिवाळ्यात पाहुण्यांना बदकांच्या शिकारीला नेणे हे त्यांच्या कामांपैकी एक होते. नाव सुतारांच्या हाताने नऊ हात भरते. भोजाची सर्वांत लहान ‘क्षुद्रा’ सोळा हातांची. तेव्हा आमची नाव त्याच्या हिशेबी क्षुद्र म्हणवून घेण्यासही अपात्र. तळ सपाट, काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर. शिकाऱ्याने पालथे पडायचे, अंगावर गवताच्या पेंढ्या पसरायच्या आणि मागे बसलेल्याने आखूड वल्हे पाण्याबाहेर न काढता हलवायचे. शीड नाही, कारण उंच काही दिसले की बदके उठतात. आजोळी, गोव्यात, सुंभाने शिवलेली व्हडीं मी पाहिली आहेत. त्यांचा बांक लाटेसाठी असतो. या नावेचा प्रत्येक कोन पाखराच्या डोळ्यासाठी आहे.

अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात बार्नेगाट नावाची खाडी आहे. तेथे १८३६च्या सुमारास याच कामासाठी बारा फुटांची, वरून जवळजवळ बंद अशी एक नाव निघाली. तिच्यावरही गवत पसरीत. आणि खाडी गोठली की तळाला लावलेल्या पट्ट्यांवरून ती बर्फावर ओढीत नेत. माळव्याच्या तलावावर बर्फ कोठले? आमच्याकडे तो लाकडाच्या भुशात गुंडाळून बाजारातून येई. तरीही सुतारांचा हात सतरा इंचांचा धरला, तर आमची नाव पावणेतेरा फूट होते. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन मुलुखांतील कारागिरांना बदकाने जवळपास एकच माप शिकवले!

देवासला ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३च्या हिवाळ्यात येऊन गेले आणि १९२१ मध्ये तेथे महाराजांचे खाजगी चिटणीस होते. त्यांच्या १९२४च्या कादंबरीच्या शेवटी संस्थानी तलावात दोन नावा आदळून सगळे पाण्यात पडतात. ते वाचताना माझ्या मनात येते, की त्या नावांचा तळ कोणी घडवला असेल? कादंबरीकाराला ते सांगण्याचे कारण नव्हते.

वकील म्हणून कायद्याची नोंद करणे मला भाग आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली बदकांच्या शिकारीला परवाना मिळू शकत असे. १९९१च्या दुरुस्तीने ते दार बंद झाले. ते योग्यच झाले. पणजोबांच्या वहीत एकेका सकाळी मारलेल्या पाखरांचे आकडे आहेत, आणि ते मला मोठ्याने वाचवत नाहीत. मग ही नाव का राखायची, असे घरातून विचारले गेले. माझे उत्तर कोणाला पटलेले नाही. बदक किती अंतरावर बिथरते, कोणत्या सावलीला भिते, वाऱ्याच्या कोणत्या अंगाला बसते, हे ज्यांनी त्याला मारले त्यांनीच सर्वांत बारकाईने जाणले, आणि ती जाण वहीत नाही, या फळ्यांत आहे. नाव जाळली तर हत्येचा पुरावा जाईल. हत्या भरून येणार नाही.

फळ्या सागाच्याच बसवल्या. सांध्यांत कापसाच्या वाती राळेत बुडवून ठोकल्या, आणि नाव तीन दिवस काठाशी पाण्यात बुडवून ठेवली. लाकूड फुगले, सांधे मिटले. त्या जानेवारीत पहाटे मी एकटाच तिच्यात पालथा पडलो. चक्रवाकांची एक जोडी इतकी जवळ राहिली, की त्यांच्या चोचीवरून गळणारे पाणी मला दिसत होते. शेतापलीकडून ट्रॅक्टर सुरू झाला, तेव्हा ती उठली.

सुतारांकडे आराखडा नाही. मी मापे लिहून घेतली, पण फळीला बाक देताना ती शेकावी किती, हे काही लिहिता आले नाही. त्यांचा मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी आणखी एक फळी बदलावी लागेल. रविवारी मुलाला सुटी असते, तेव्हा दोघांनी मिळून ती बसवावी असे मी सुचवले आहे. म्हाताऱ्यांनी फळी निवडून ठेवली. मुलाने अद्याप होकार दिलेला नाही.