जंगी पलटणीतले तात्या

आमचे थोरले चुलते, तात्या, मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या जंगी पलटणीत होते. १७६८ सालची ही पलटण. सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी असण्याचं नवल नाही. आमच्याच जिल्ह्यातलं अपशिंगे तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले.

तात्या नेमके कुठे आहेत, हे घरात कुणालाच ठाऊक नसायचं. पत्त्यावर नंबर, नाव, पलटण आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ', नाहीतर '९९ एपीओ'. काकी सांगायची आणि मी निळ्या अंतर्देशीय पत्रावर लिहायचो: विहिरीला पाणी किती, म्हैस कधी व्याली, धाकटी रांगायला लागली. उत्तरात तात्या ज्वारीची चौकशी करायचे. स्वतःविषयी एकच वाक्य, 'मी खुशाल आहे.' काकी तेवढंच पुन्हा वाचायला लावायची.

ते सुट्टीवर यायचे तो आमचा खरा सण. फाट्यावर एस.टी. थांबली की आम्ही पोरं काळी ट्रंक उतरवायला धावायचो. पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली ती ट्रंक उघडली की ब्रासो, बूटपॉलिश आणि डांबराच्या गोळ्या यांचा एकत्र वास यायचा. तो वास मला अजून कुठल्याही अत्तराहून प्रिय आहे. दोन महिन्यांत तात्या बांध घालायचे, छप्पर शाकारायचे, एखाद्या भाच्याचं लग्न जमवायचे आणि पुन्हा निघायचे. निरोप देताना काकी कधी रडली नाही. तिच्या नोकरीला पेन्शन नव्हती, पण फौज तिनंही केली, असं मी मानतो.

१९७१ च्या डिसेंबरात पत्रं थांबली. चावडीतल्या रेडिओभोवती गाव जमायचं. १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी फौजेची शरणागती झाली, तरी आमच्या घरी गोडधोड झालं ते पत्र आल्यावरच. जमालपूरच्या लढाईची हकिगत तात्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितली. आपल्या फौजेनं वेढा घालून 'शरण या' म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कर्नलनं उत्तराबरोबर बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निघालेल्या बलुच पलटणीला जंगी पलटणीनं अडवलं. "रातभर डोळ्याला डोळा नव्हता, लेका," एवढं म्हणून ते गप्प झाले. शेजारच्या खंदकातल्या गड्याचं नाव मात्र त्यांनी दोनदा घेतलं. मी ते तेव्हा वहीत लिहून ठेवलं.

पेन्शनीवर आल्यावर ते पहाटे गावातल्या पोरांना भरतीसाठी पळवायचे. दर नोव्हेंबरात, दिवाळीच्या आसपास, हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाताना हिरवी बॅरे टोपी चढवायचे आणि कोटावर त्या लढाईचं 'पूर्वी स्टार' पदक लावायचे.

१९७१ च्या त्या लढाईत विशीत असलेले जवान आज सत्तरीपार गेले आहेत. तुमच्या गावात असे कुणी असतील, तर या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडे जा, निवांत बसा, विचारा आणि जे सांगतील ते लिहून घ्या.