हेलसिंकीची कॉफीघरे आणि सूर्यास्ताचे भान

डिसेंबरच्या उत्तरार्धात फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे सूर्य सकाळी सव्वानऊनंतर उगवतो आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास मावळतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या प्रवाशाला सूर्योदयानंतरच्या दोन घटिका वगळल्यास आहारासाठी जेमतेम पाच तास उरतात. बाहेर बर्फ, वर करडे आकाश. अशा वेळी शहरातील उबदार कॉफीघरे हाच मोठा आधार ठरतो. दरडोई कॉफीपानात हा देश जगात अग्रभागी आहे. तेथील कामगार करारांतही कॉफीच्या सुटीची तरतूद असते.

बुलेवार्दी या वृक्षांनी सजलेल्या मार्गावरील ‘एकबर्ग’ हे शहरातील सर्वांत जुने कॉफीघर. ते १८५२ साली सुरू झाले. सिनेट चौकातील शुभ्र कॅथेड्रलही त्याच वर्षी पूर्ण झाले. क्लूविकातू या रस्त्यावर कार्ल फात्सेर यांनी १८९१ मध्ये मिठाईगृह उघडले. पुढे चॉकलेटसाठी देशभर प्रसिद्ध झालेल्या उद्योगाचा तो आरंभ होता. आजही तेथे लोक निवांत गप्पा मारत बसतात.

सिबेलियस स्मारकाजवळ समुद्रकाठी ‘रेगाटा’ नावाची तांबडी लाकडी झोपडी आहे. एके काळी तेथे मासेमारीची जाळी ठेवली जात; आज आत दालचिनीचा आणि कॉफीचा दरवळ असतो. येथील ‘कोर्वापूस्ती’ हा दालचिनीचा गोड पाव लोकप्रिय आहे. या शब्दाचा अर्थ मात्र ‘कानाखाली वाजवलेली चपराक’! त्याच्या पिठात घातलेल्या वेलदोड्याचा सुगंध भारतीय पाहुण्याला घरची आठवण करून देतो.

परंतु सुगंधावर विसंबून चालत नाही. या पावावर बहुधा अंड्याचा हात फिरवलेला असतो. राईच्या पातळ पारीत भाताची खीर भरलेल्या कारेलियन पुऱ्यांवर अंडे कालवलेले लोणी लावण्याची प्रथा आहे. काहींत बटाटाही भरतात. ‘रेगाटा’बाहेरच्या शेकोटीवर सॉसेज भाजले जातात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार पदार्थात अंडे किंवा दूध असल्यास ग्राहकाला ती माहिती देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे ‘कानानमुना’, म्हणजे कोंबडीचे अंडे, आहे का असे विचारण्यात संकोच बाळगू नये. कंदमुळे आणि जिलेटिन यांना मात्र ही सक्ती लागू नाही; त्यांची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते. खात्री न पटल्यास काळी कॉफी किंवा ओटचे दूध घातलेली कॉफी सहज मिळते.

जूनमध्ये चित्र पालटते. तेव्हा सूर्य रात्री पावणेअकराच्या पुढे मावळतो. दहा वाजताही काचेतून ऊन आत येते, टेबले भरलेली असतात आणि नियमाचे शब्द भोजनाला आडकाठी करीत नाहीत. हिवाळ्यात घड्याळ प्रवाशाला सावध करते; उन्हाळ्यात ते काम त्याला स्वतःलाच करावे लागते. पोट भरलेले असताना, बाहेर लख्ख उजेड असूनही, समोरची दुसरी बशी नम्रपणे परत करणे ही या शहरातील खरी कसोटी होय. आहारसंयम केवळ सूर्यावर सोपवता येत नाही, याची जाणीव हेलसिंकीतील ती लांबलेली सायंकाळ करून देते.